मांजरीनं अन्न सोडलं नव्हतं

कांतामावशी,

तुमच्या दहाव्याला मी आलो नाही. केडगावातल्या आपल्या गल्लीत हे सगळ्यांनी पाहिलं. पाथर्डीकडच्या तुमच्या माहेरच्यांनाही माहीत आहे. कारण विचारायला कोणी आलं नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. त्या सकाळी मांजरीला दवाखान्यात न्यायचं होतं.

यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकू येतं. "आता व्हय? परवाच न्यायचं हुतं."

माझी सगळी नोकरी जिल्हा दैनिकाच्या संपादकीय टेबलावर झाली. निधनाच्या बातम्या मी इतक्या तपासल्या की त्यांचा साचा हाताला पाठ झाला: पश्चात कोण, मूळ गाव कुठलं, स्वभाव मनमिळाऊ. तुमची बातमी दुसऱ्या कोणी केली. ती बरोबर होती, नावंही चुकली नव्हती. पण त्यात मांजर नव्हती, आणि मांजर वगळली तर तुमच्या-माझ्या शेजाराबद्दल सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

ती पिल्लू असताना आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवर येऊन बसली आणि कुठल्या बाजूला उतरायचं ते तिनं शेवटपर्यंत ठरवलं नाही. तुम्ही तिचं नाव गंगी ठेवलं. मी काही ठेवलं नाही. एकट्या माणसानं मांजरीला नाव दिलं की लोक त्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतात, असं मला वाटायचं.

"नाव न ठेवता जेवायला घालता," तुम्ही म्हणालात, "हाटेल हाय का तुमचं?"

तुमच्याकडे तिला दुधात कुस्करलेली भाकरी आणि सुकट मिळायची. माझ्याकडे उकडलेलं अंडं. कोणी किती घालायचं, कधी घालायचं, हे आपण कधी बोललो नव्हतो. शेजारधर्मात असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, असं दोघांचंही मत असावं. त्या न विचारण्यापायी ती पहिल्यांदा मरता मरता वाचली.

माझ्याकडचं अंडं तसंच राहिलं, तेव्हा मी धरून चाललो की तुमच्याकडे रविवारचं मटण झालं असणार. तुमच्याकडची भाकरी वाळली, तेव्हा तुम्ही धरून चाललात की पेपरवाल्यानं अंडी चारली असणार. ती माझ्या स्कूटरच्या कव्हरखाली पडून होती. मग एका सकाळी तुम्ही भिंतीवरून डोकावलात.

"भाऊ, तुमच्याकडं खाती ना?"

"माझ्याकडे नाही. तुमच्याकडे खात असेल."

आमच्या कार्यालयात छपाईला जाणारं पान दोघांनी बघायचं असायचं, आणि सगळ्यात ढळढळीत चूक नेमकी त्याच पानावर सुटायची. हा तसाच प्रकार होता, फक्त इथे पान ताप येऊन पडलं होतं.

तुम्ही दुरडीत जुनं लुगडं अंथरलं, वरून दुसरी दुरडी पालथी घालून सुतळीनं बांधली आणि रिक्षा थांबवली. जवळचा दवाखाना गुरांचा. तिथे एक गृहस्थ बोकड घेऊन बसले होते. त्यांनी दुरडीत वाकून पाहिलं आणि हसले.

"मांजराला बी डॉक्टर लागतो व्हय आता?"

"का वो?" तुम्ही म्हणालात. "तुमच्या बोकडालाच जीव हाय का? आन् तुमी तर त्याला बरा करून कापणार."

सगळा दवाखाना हसला. बोकडवाले सगळ्यात जास्त हसले, आणि नंबर आपल्याला दिला. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांचा हात मोठ्या जनावरांवरचा आहे, आणि शहरातल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. शहरात त्या बाईंनी शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून दाबलं, तसा पू आला. दुसऱ्या मांजरीचा चावा होता. वरून केसांनी झाकलेला आणि आत पिकलेला.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

"गंगी," तुम्ही म्हणालात. त्याच वेळी मी म्हणालो, "मांजर."

डॉक्टरांनी आपल्या दोघांकडे पाहिलं. मग सावकाश समजावून सांगितलं, जे मी तेव्हापासून कोणालाही सांगत आलो आहे. मांजर दुखणं लपवते. ओरडत नाही, कण्हत नाही, फक्त बसायची जागा बदलते आणि जेवण टाकते. एक पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर आणायची. त्यापुढे वाट बघितली तर उपाशी मांजरीचं लिव्हर बिघडतं, आणि मग मूळ आजार राहतो बाजूला. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, किंवा लघवीला बसून लघवी होत नसेल, तर दिवससुद्धा थांबायचं नाही. आणि माणसांची तापाची गोळी तिला कधीही द्यायची नाही, ती तिला विष आहे. हे ऐकताना तुम्ही पदराची गाठ हळूच कमरेत खोचलीत. त्या गाठीत पाव गोळी होती हे मला तुम्ही रिक्षात बसल्यावर सांगितलंत.

त्या दिवसापासून सकाळ तुमची आणि संध्याकाळ माझी असं ठरलं. आणि त्याच दिवसापासून आपला वाद सुरू झाला.

मी म्हणायचो, एका लक्षणावर निर्णय घ्यायचा नाही. बातमीसारखंच, दुसरीकडून दुजोरा मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक वेळ जेवली नाही, पण खेळते आहे, अंग चाटते आहे, मातीत जाऊन येते आहे, तर थांबू. तुम्ही म्हणायचात, निघू. तिला शिंक आली की तुम्ही दुरडी काढायचात. नाक कोरडं दिसलं की ताप. गवत खाऊन उलटी केली की पोटात बिघाड. मी सांगायचो की गवत खाऊन उलटी करणं हा तिचा स्वतःचा उपचार आहे. ते खरं होतं, एवढं तुम्ही तेव्हा मान्य करायला हरकत नव्हती.

कोपऱ्यावरच्या हळदीच्या मांडवातून ती पोट फुगवून आली तो दिवस आठवतो. तुम्ही जलोदर म्हणालात. शब्द कुठून आणलात माहीत नाही. रिक्षा, दुरडी, पुणे रस्त्यानं शहरात. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, हसू आवरलं आणि म्हणाल्या, "जेवण जास्त झालंय. आज रात्री काही घालू नका."

परतताना तुम्ही बराच वेळ बाहेर बघत होतात. माझा चेहरा बोलत असणार.

"हसा," तुम्ही म्हणालात. "काय न्हाई निघालं म्हंजे फुकट गेलो, असं तुमाला वाटतं. मला वाटतं, काम झालं."

"आणि ती केडगावापासून शहरापर्यंत ओरडत गेली, घाबरून दुरडीत मुतली, त्याचं काय? काही झालेलं नसताना?"

"घाबरल्यानं मरती का?"

"नाही. पण पुढच्या वेळी दुरडी दिसली की लपून बसेल. खरंच आजारी असेल तेव्हा सापडणार नाही."

यावर तुम्ही चिडलात. दोन दिवस भिंतीवरून आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी शेंगुळ्यांचा डबा आला. वाद मिटला नव्हता, एवढंच की शेंगुळे जास्त झाले होते.

तुम्हाला एवढी घाई का, हे मला एकदाच कळलं, आणि तेही मी विचारलं नव्हतं. तुम्ही पायरीवर घेवडा निवडत होतात. लहानपणी तुमचं घर दर वर्षी ऊसतोडीला जायचं. त्या वर्षी तुमची मांजर आजारी होती, चुलीमागे बसून होती. तुम्ही आईला सांगितलंत. आई म्हणाली, बघू उद्या. "दुसऱ्या दिशी टरक आला," तुम्ही म्हणालात. "भांडी भरली, शेरडं भरली. मांजर कोन भरणार?" शेंगा दोन्ही हातांनी मोडत राहिलात. मी पत्रकार, पुढचा प्रश्न विचारणं हे माझं काम. तो मी विचारला नाही आणि तो न विचारल्याचं मला आजही समाधान आहे.

मांजरीच्या शिंकेला रिक्षा बोलावणाऱ्या बाईनं स्वतःच्या छातीत जळजळ झाली तेव्हा ओवा खाल्ला. "गॅस हाय," तुम्ही म्हणालात. "बघू उद्या." तुमची सून अर्चना दवाखान्यात चला म्हणून मागे लागली होती. मीही म्हणालो होतो, पण मी म्हणण्याला काय वजन? थांबू म्हणणारा माणूस म्हणून तुम्ही मला इतकी वर्षं ओळखत होतात. मावशी, या एका ठिकाणी तुम्ही माझी बाजू घेतलीत आणि ती नेमकी चुकीची निघाली. यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. चांगलं आठवडाभर चाललं असतं.

तुम्ही गेल्यावर घर भरलं. पाथर्डीहून दोन जिपा आल्या. सुतकात तुमच्या घरी चूल पेटली नाही. गल्लीतून पिठलं-भाकरी जात होती आणि माणसं जागा मिळेल तिथे बसून जेवत होती. मांजर तुमच्या खाटेखाली गेली. संध्याकाळचं माझं अंडं तसंच राहू लागलं. मी धरून चाललो की एवढ्या माणसांत कोणी ना कोणी तिला घास टाकत असेल. दुःखाच्या घरात जाऊन मांजर जेवली का, असं विचारणं मला बरं वाटेना.

मग तुमच्या भावजयीनं जाहीर केलं: मांजरीनं अन्न सोडलं.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बायका बघायला येऊ लागल्या. कोणीतरी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पांढऱ्या कपाळावर ते चांगलं दिसत होतं, आणि ती ते पुसायचाही प्रयत्न करत नव्हती, हे मला खटकलं. फोटो मोबाईलवर फिरले. माझ्या जुन्या कार्यालयातल्या वार्ताहराचा फोन आला.

"सर, चौकटीतली बातमी करतोय. मालकिणीच्या विरहात मांजरीचा अन्नत्याग. फोटो पण भारी आलाय."

"ती खात नाही हे कोणी पाहिलं?"

"सगळेच सांगतायत."

"मग ये आणि स्वतः बघ."

"सर, मांजराची तर बातमी आहे."

"म्हणूनच. माणसं निदान खुलासा पाठवतात."

तो हसला. चौकट त्यानं छापली नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी अंडं कोमट करून, कुस्करून तुमच्या घरी घेऊन गेलो. खाटेपाशी वाकून ताटली ठेवली. आणि ती आली, मावशी. लगबगीनं आली. वास घेतला, मोठा घास घेतला, मान एका बाजूला वाकडी केली आणि घास खाली पडला. पंजानं तोंडाची एक बाजू पुसली, मागे सरकली, पुन्हा ताटलीकडे पाहत बसली. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती.

"बघा, खाईना," भावजय म्हणाली. "वन्संशिवाय घास उतरंना तिला."

"तिला खायचंय," मी म्हणालो. "खाता येत नाहीये. तोंड दुखतंय तिचं."

"मंजे आठवन न्हाई म्हन्ता तिला?"

"आठवण असेल. दातही असेल."

भावजयीला राग आला, आणि तो मला समजला. नणंद गेली होती, आणि त्या घरात बरं वाटण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. एका मुक्या जनावरानं तुमच्यासाठी जेवण टाकलं होतं. मी येऊन तिथे दाताची गोष्ट काढली.

अर्चना दारात उभी होती. "भाऊ, सकाळचं कोण घालतंय तिला?"

"तुम्ही ना?"

"आमच्याकडं चूल कुठंय? मला वाटलं, आई गेल्यापासून दोन्ही वेळचं तुम्हीच बघताय."

दोन घरं, आणि पुन्हा तीच चूक. फरक एवढाच की या वेळी भिंतीवरून डोकावायला कोणी नव्हतं. ती किती दिवस उपाशी होती, हे दोघांनाही सांगता येईना. डॉक्टरांना फोन केला. दवाखाना बंद होता. त्या म्हणाल्या, पाणी पाजत राहा आणि सकाळी उघडल्या उघडल्या आणा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच बसली नाही तर अंगातलं पाणी गेलंय असं समजा.

दहावाही सकाळीच होता.

दुपारी नेली तरी चालेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. एवढे दिवस गेले, आणखी चार-पाच तासांनी काय बिघडणार? वाक्य नीट रचलेलं होतं. माझीच रचना होती, ओळखीची. सकाळी मी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उभीच राहिली, आणि हळूहळू, नाखुशीनं खाली बसली. बाहेर जिपा दहाव्यासाठी अमरधामला निघण्यासाठी सुरू झाल्या होत्या. मी तुमच्या घरातून दुरडी मागून घेतली.

"दहावा टाकून मांजराला?" भावजय म्हणाली. "शेजारी ना तुमी? लोक काय म्हन्तील?"

"लोकांना मी सांगते," अर्चना म्हणाली. "जा, भाऊ."

दुरडी बघून मांजर लपली नाही. लपण्याचं बळ नव्हतं. रिक्षात ती ओरडलीही नाही, आणि त्या शांततेत मला तुमचा प्रत्येक आगाऊ, अनावश्यक, आरडाओरड्याचा प्रवास बरा वाटू लागला.

मागचा एक दात किडला होता, भोवतीची हिरडी सुजून पिकली होती. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, मळमळीचं दिलं. कान आणि हिरड्या उजेडात धरून पाहिल्या, पिवळेपणा नव्हता. दात नंतर काढू, आधी अंगात पाणी जाऊ दे, म्हणाल्या.

"कधीपासून खात नाही?"

"माहीत नाही," मी म्हणालो. असं उत्तर मी त्यांना पूर्वी कधी दिलं नव्हतं. मग विचारलं, "मांजर दुःखानं जेवण सोडते का?"

"एखादी सोडते. घरातलं माणूस गेलं की काहींची भूक जाते." त्या हात पुसत होत्या. "पण कारण दुःख असो की दात, उपाशी मांजर माझ्याकडेच आणायची. कारण शोधायचं काम माझं."

इतकी वर्षं मी तुमच्याशी कारणावरून भांडलो, मावशी. चावा का, अजीर्ण का, गवत का. तुम्ही कारण कधी शोधलंच नाही, तुम्ही फक्त दुरडी शोधलीत. यात तुम्ही जिंकलात असं मी म्हणत नाही. जलोदर मी विसरलेलो नाही. पण त्या खुर्चीवर बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुमच्यासोबत त्या दवाखान्यात घालवलेल्या सगळ्या सकाळी मला चांगल्या आठवत होत्या, काही न निघालेल्याही. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही आणखी चार फेऱ्या काढल्या असत्या.

डॉक्टरांनी पातळ केलेलं खाणं एका बशीत तिच्यापुढे ठेवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. कुंकवाचा ठिपका अजून कपाळावर होता, जरा पसरलेला. मग तिनं मान पुढे केली, बशीच्या कडेला जीभ लावली, थांबली. पुन्हा लावली. मग थांबली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अर्चना होती, मागे माणसांचा कालवा.

"भाऊ, कावळा शिवला. पिंड ठेवला न ठेवला तोच आला."

"हिनंही खाल्लं," मी म्हणालो. "आत्ताच. अजून खातेय."

मग तिनं फोन तोंडापासून बाजूला धरून कोणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं. "मामी, गंगी जेवली." आणि तिकडे, तुमच्या दहाव्याच्या जागी, आधी तुमची भावजय हसली, मग बाकीच्या बायका. त्यांचं हसू संपेपर्यंत मी फोन कानाला धरून बसलो.